काळीकाठचं कडवाड

बंगळूरला मोठी नदी नाही. इंदिरानगरात इतकी वर्षं राहूनही ही गोष्ट मला कधी टोचली नव्हती. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेलं हे शहर. इथला पाऊस उताराने तळ्यांकडे जातो. आमच्या भागातले नाले दोमलूरच्या अंगाने बेळ्ळंदूर तळ्याची वाट धरतात. पिण्याचं पाणी येतं कावेरीचं, शंभरेक किलोमीटरांवरून, पाचशेएक मीटर वर उपसून. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या कूपनलिका आटल्या आणि टँकरची वाट पाहण्यात सकाळी जाऊ लागल्या, तेव्हा आमच्या इमारतीत कावेरीचं नाव रोज घेतलं जाऊ लागलं. नळातून येणारी नदी पुष्कळ झाली, आता काठावर बसून एखादी नदी पाहावी, असं तेव्हाच मनात आलं. तीही शेवटाला, समुद्राला मिळता मिळता.

ऑफिसातली एक मैत्रीण मूळची कारवारची. तिला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "समुद्र पाहायला सगळेच येतात गं. तू कडवाडला जा. मावशीच्या अंगणातून काळी नदी दिसते." तिने तिथल्या तिथे मावशीला फोन लावला. मावशीचं उत्तर आलं ते तारखेत नव्हतं. मार्गशीर्ष लागला की ये, तोवर भातं कापून झालेली असतात आणि नदीचं पाणी निवळलेलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या.

इंदिरानगरहून कारवारला जाणं आता फार सोपं झालंय. आमच्या भागात मेट्रो आली ती २० ऑक्टोबर २०११ रोजी, शहरातल्या अगदी पहिल्या टप्प्यात. त्याच जांभळ्या मार्गाने थेट मॅजेस्टिकला उतरलं की समोर रेल्वे स्टेशन. पंचगंगा एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते आणि सकाळी कारवारला पोहोचते. रात्री सकलेशपूरनंतर गाडी घाट उतरू लागली, की झोपेतही कळतं. हवा जड होते, अंगावरची शाल नकोशी वाटते. होन्नावरच्या अलीकडे जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि गाडी शरावतीवरून चालली होती. दोन किलोमीटरांहून लांब असलेला हा पूल कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब पूल आहे. खाली धुक्यात एकच होडी उभी होती. पुढे तासाभरात अघनाशिनी लागली, मग गंगावळी. सह्याद्री इथे समुद्राच्या इतका जवळ आला आहे, की प्रत्येक नदी डोंगरातून बाहेर पडते न पडते तोच तिला खाडीचं रूप येतं. मग एक लांब बोगदा, आणि कारवार. काळी नदी त्याच्याही पुढे, स्टेशनच्या उत्तरेला.

स्टेशन गावात नाही, शिरवाडला आहे, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. कडवाडही गावाबाहेर, पूर्वेच्या अंगाला. सुंकेरीचा पूल ओलांडला आणि रस्त्याचा आवाजच बदलला. हॉर्न थांबले. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडं, मधूनमधून माडांची राई, कौलारू घरांपुढे शेणाने सारवलेली अंगणं, त्यांत उकडलेलं भात वाळत घातलेलं. आणि माडांच्या फटींतून, कुठूनही पाहिलं तरी, रुंद, संथ, हिरवट काळी.

"यो बाय, बस," मावशी म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग नदीकडे नुसती नजर टाकून म्हणाल्या, "आता सुकती. जेवून घे, मागाहून पाणी येईल."

सुकती म्हणजे ओहोटी. मला वाटलं होतं, नदी म्हणजे एकाच दिशेने वाहणारं पाणी. इथे ती दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्राची भरती मुखातून आत शिरते आणि गोड्या पाण्याला मागे रेटत कित्येक मैल वर चढते. मग थोडा वेळ सगळं थबकतं, आणि पाणी पुन्हा समुद्राकडे निघतं. मावशींचं घर या हेलकाव्यावर चालतं. होडी कधी सोडायची, जाळं कधी लावायचं, तिसऱ्या वेचायला कधी उतरायचं, धुणं कुठल्या दगडावर धुवायचं, सगळं पाण्याला विचारून.

घड्याळ न पाहता त्यांना वेळ कळते कशी, ते त्यांच्या भाच्याने समजावलं. हिशोब साधा आहे आणि कोकणपट्टीत जुन्या माणसांना तो पाठ असतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल त्या वाजता भरती पुरी. त्या दिवशी शुक्ल सप्तमी होती. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती झाली, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुन्हा होणार, मधे साडेअकराच्या आसपास पाणी तळाला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. गुणाकार-भागाकाराच्या त्या एका ओळीत सगळं खगोलशास्त्र मावलं आहे. पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. सप्तमी-अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात, म्हणून पाण्याची उठबस लहान. "आज पाणी पुरतं मागे जायचं नाही," भाचा म्हणाला, "तिसऱ्या थोड्याच मिळतील."

थोड्याच मिळाल्या, तरी दुपारच्या जेवणाला पुरल्या. खोबरं घालून केलेलं तिसऱ्यांचं सुकं, तिरफळं घातलेली बांगड्याची कढी, उकड्या तांदळाचा भात आणि शेवटी सोलकढी. तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता. जेवताना मावशींनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी तिसऱ्या याहून वरच्या अंगालाही मिळत. वर धरणं झाली, बारा महिने गोडं पाणी सुटू लागलं, आणि खाऱ्या पाण्यावर जगणारे जीव मुखाकडे सरकत गेले. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेजारचं घर बंद झालं, हे जसं माणूस सांगतो, तसं सांगितलं.

जेवणानंतर बांधावरून चालत गेलो. नदी आणि भातखाचरं यांच्या मधला हा मातीचा बांध म्हणजे या काठचा प्राण. गोव्यात ज्यांना खाजनं म्हणतात, त्यांना उत्तर कन्नडमध्ये गजनी म्हणतात. ही शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. बांध आणि त्यातली झडपेची दारं यांच्या जोरावर खारं पाणी बाहेर ठेवायचं. पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन निघाला, की खारेपणा सोसणारं भात लावायचं. पीक निघालं की दारं उघडून तेच खारं पाणी आत घ्यायचं, आणि त्याबरोबर कोळंबी, मासे. एकाच जमिनीतून अर्धं वर्ष तांदूळ, अर्धं वर्ष मासळी. बांध फुटला तर दोन्ही गेलं. म्हणून बांध हा कोणा एकाचा नसतो, तो सगळ्या काठाचा असतो.

या शांत बांधावर उभं राहून विश्वास बसत नाही, की एके काळी जगाची जहाजं याच पाण्यात येत होती. कारवार हे नावच कडवाडवरून पडलं, असं मानतात. कडे म्हणजे शेवटचा, वाडो म्हणजे वाडा. आज समुद्रकाठी दिसणारं शहर अलीकडचं आहे. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, त्यानंतर ते ठाणं म्हणून वाढलं. आधी तिथे कोळ्यांची वस्ती होती. जुनं कारवार होतं ते नदीकाठी, तीन मैल आत. घाटावरच्या सोंदे संस्थानातली मिरी या वाटेने उतरे. तिची कीर्ती ऐकून १६३८ मध्ये सर विल्यम कोर्टन यांच्या इंग्रज कंपनीने कारवारला वखार घातली. पुढे हुबळीकडचं तलम कापडही इथूनच परदेशी जाऊ लागलं. १६६५ मध्ये बसरूरच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज कारवारला आले. गावाने खंडणी दिली. इंग्रजांनी त्यातला आपला वाटा भरला.

मिरी गेली, वखार गेली. हुबळीहून मार्मागोव्याला रेल्वे झाली तेव्हा कारवारचा उरलासुरला व्यापारही तिकडे वळला. पण गावाने नदीकडे पाठ फिरवली नाही. जहाजं मोजणारं गाव पुन्हा भरती मोजू लागलं.

तीन वाजता भाच्याने होडी सोडली. भरती चढत होती, म्हणून आम्ही तिच्याबरोबर वर निघालो, किन्नरच्या दिशेने. भरतीबरोबर जायचं आणि ओहोटीबरोबर परतायचं, हा इथला नेम. वल्ह्याला श्रम पडत नाहीत. काठाला कांदळवन होतं. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, दुसऱ्या जातीची मुळं कमानी टाकून पाण्यात उतरलेली. या मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं वाढतात आणि पुराचं पाणी आलं की हीच झाडं काठाची माती धरून ठेवतात. एक खंड्या आमच्या पुढे पुढे, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात राहिला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत निळी होत चालली होती.

त्या भिंतीपलीकडे काय आहे, ते मी वाचून आले होते, पण अर्थ लागला तो होडीत बसल्यावर. काळी जोयडा तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि अवघ्या १८४ किलोमीटरांत समुद्राला मिळते. एवढ्या लहान धावेत तिच्यावर सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणं आहेत आणि नागझरीचं ९०० मेगावॉटचं वीजघर आहे. कद्राच्या जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्र आहे. २२० मेगावॉटचे चार संच. त्यातला पहिला संच २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालला आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला. काळीच्या खोऱ्यातल्या दाट रानाला २०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प असं तिचंच नाव दिलं गेलं.

म्हणजे इंदिरानगरात रात्री मी दिवा लावते, शंभर फुटी रस्त्यावरची दुकानं झगमगतात, मेट्रो धावते, त्या विजेत थोडीशी काळी असतेच. मी अनोळखी नदी पाहायला आले नव्हते. जिचं देणं मी कित्येक वर्षं न विचारता वापरत होते, तिच्याच काठी आले होते. आणि या काठाने त्याची किंमतही मोजली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटावर इतका पाऊस झाला, की कद्रा धरणातून मोठ्या प्रमाणात पाणी सोडावं लागलं आणि खालची गावं बुडाली. "पाणी इथवर होतं," भाच्याने काठावरच्या एका घराच्या खिडकीच्या वरच्या कडेकडे बोट दाखवलं. भरतीचं गणित पाठ असणाऱ्या माणसांनाही त्या पाण्याची वेळ सांगता आली नव्हती; कारण ते चंद्राच्या सांगण्यावरून आलेलं नव्हतं.

साडेपाचला पाणी थबकलं. होडीपुढे तरंगणारं माडाचं एक झावळं जागच्या जागी उभं राहिलं. वारा पडला होता, वल्हं आत घेतलं होतं. कुणी काही बोललं नाही. मग ते झावळं हळूच वळलं आणि समुद्राकडे निघालं. त्यामागून आम्हीही.

सूर्य गेला तेव्हा सप्तमीचा अर्धा चंद्र डोक्यावर होताच. मला रवींद्रनाथांची आठवण आली. १८८३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते कारवारला आले होते; थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते. 'जीवनस्मृती'त त्यांनी एका चांदण्या रात्रीची हकिकत लिहिली आहे. छोट्या शिडाच्या होडीतून ते काळीवरून वर गेले, शिवाजीच्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी उतरले, एका शेतकऱ्याच्या स्वच्छ झाडलेल्या अंगणात बसून बरोबर आणलेलं जेवले. परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली आणि मुखाशी उतरून वाळूतून चालत घरी गेले. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी याच मुक्कामात लिहिलं. कारवारचा किनारा आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण त्यांच्या त्या रात्रीचा जीव समुद्रात नव्हता, या नदीत होता. होडी प्रवाहावर सोडून देणं म्हणजे ओहोटीची वेळ साधणं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

रात्री पडवीत गप्पा चालल्या त्या तीन भाषांत. घरात कोंकणी, शाळा-कचेरीत कन्नड, आणि देवघराजवळच्या फडताळात मराठी पोथ्या. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि मावशींच्या वडिलांचं शिक्षण मराठीतून झालेलं. काका कालेलकरांचं बालपण काही काळ कारवारला गेलं. भारतातल्या नद्यांवर 'लोकमाता' लिहिणाऱ्या माणसाने लहान वयात हा काठ पाहिला होता, याचा मला फार आनंद वाटला. पलीकडच्या तीरावर सदाशिवगडाजवळचं कणसगिरी हे जयश्री गडकरांचं जन्मगाव. मावशी त्यांच्या चित्रपटांबद्दल अशा बोलल्या, जसं माहेरच्या माणसाबद्दल बोलावं. त्याच तीराला वरच्या अंगाला हणकोण आहे. तिथलं सातेरी देवीचं देऊळ वर्षातून सातच दिवस उघडतं. त्या आठवड्यात कारवारपासून गोव्यापर्यंतची माणसं तिथे लोटतात आणि उरलेलं वर्ष गाव बंद दाराला नमस्कार करून पुढे जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवगडावर गेले. वाटेत काळी ओलांडावी लागते; तिच्यावरचा हमरस्त्याचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कोसळला. चाळीसएक वर्षं त्याने गोवा आणि कर्नाटक जोडून ठेवलं होतं. एक ट्रक नदीत पडला, पण चालकाला वाचवण्यात आलं. आता वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालते. सोंद्याच्या राजाने हा गड बांधला आणि वडिलांचं, सदाशिवाचं, नाव त्याला दिलं. फार तटबंदी उरलेली नाही. पण वरून जे दिसतं त्यासाठी चढावं. डावीकडे, दूर आत, कडवाडचे माड, समोर पूल, उजवीकडे नदीचं मुख, आणि तिथे हिरवट पाणी व निळं पाणी यांच्या मधली एक वाकडी रेघ, सारखी जागा बदलणारी.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, तेव्हा होडीचं नाव काढू नये. कारवारहून कडवाडला शहर बस किंवा रिक्षाने जाता येतं. गावात हॉटेलं शोधू नयेत. मुक्काम कारवारला करावा आणि दिवस नदीकाठी घालवावा. होडी ठरवताना आधी भरती विचारावी, मग भाडं. नौदलाचा तळ जवळ आहे, तेव्हा समुद्राच्या बाजूला कॅमेरा कुठे चालतो ते विचारून घ्यावं. आणि बांधावरून चालताना जपून चालावं. पायाखालच्या त्या मातीवर काठाचं वर्षभराचं अन्न अवलंबून असतं.

निघताना मावशींनी उकड्या तांदळाची पुडी दिली, आमसुलं दिली, मूठभर तिरफळं कागदात बांधून दिली. पुन्हा कधी येऊ, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी आदल्या दिवसासारखीच नदीकडे नजर टाकली.

"पुनवेक यो, बाय. सप्तमीला येऊन तू अर्धीच नदी पाहिलीस."

पौष पौर्णिमेला कारवारसमोरच्या कूर्मगड बेटावर नरसिंहाची जत्रा भरते. माणसं होड्या भरभरून जातात, देवाला केळी वाहतात. त्याच दिवशी भरती मोठी असते, आणि मावशींच्या अंगणाच्या खालच्या पायरीपर्यंत पाणी येतं म्हणे. इंदिरानगरला परत आल्यावर पहिलं काम केलं ते हेच. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवलं, पान उलटलं आणि पौषातल्या पुनवेभोवती पेन्सिलीने गोल काढला. मग शेजारी लिहिलं: पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा.